पहिल्या पानासकट

श्रुती, तू मधे एक शब्द बोलू नकोस, नुसतं ऐक. मला एका दमात सांगू दे, नाहीतर मी परत रडेन आणि मग काही धड सांगता येणार नाही.

दादा आला होता. हो गं, आकाशदादाच! सहा वर्षांनी. रविवारी दुपारी एक वाजता आला आणि चार वाजता गेला, एवढंच. बेंगलोरवरून आला, संध्याकाळी मुंबईतूनच त्याचं कॅनडाचं विमान, बायको-मुलगी आधीच तिकडे गेलेली. आणि कशासाठी आला माहितीये? शाळा सोडल्याचा दाखला. ओरिजिनल त्याच्याकडून हरवला, स्कॅन पप्पांच्या कंप्युटरमध्ये आहे. मी फोनवर म्हटलं, "अरे मी मेल करते ना, दोन मिनिटांचं काम." तर म्हणतो कसा, "नको, तुला सापडणार नाही. मी येऊन घेतो." मला सापडणार नाही! मी चोवीस तास त्या कंप्युटरवर असते! म्हणजे कळलं ना तुला, त्याला दाखल्याचं निमित्त पाहिजे होतं.

नाना गेले तेव्हाचं सगळं तुला माहितीये. दादा तेव्हा तेवीसचा, पहिली नोकरी, बेंगलोरला जाऊन आठवडाच झालेला. नाना त्याचे आजोबा कमी आणि मित्र जास्त. तरी तो आला नाही. ना त्या दिवशी, ना नंतरच्या पुण्यानुमोदनाला. सगळी घाटकोपरची माणसं विचारतात, "आकाश कुठेय?" आणि पप्पा दारात उभे. चौथ्या दिवशी दादाचा फोन आला आणि पप्पा एकच वाक्य बोलले, "जसे नाना गेले, तसा तूपण गेलास." ठेवला फोन. त्यानंतर दोघं बोललेच नाहीत. आई चोरून बोलायची, मी बोलायचे, पण पप्पांसमोर त्याचं नावच बंद.

तर रविवारी सकाळी नऊ वाजता. पप्पा साकीनाक्याला प्रेसवर गेलेले, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरचं प्रूफ बघायला. आईने मटणाला कांदा टाकला, गॅस बारीक केला, हात पुसला आणि मला म्हणाली, "नीलू, कंप्युटर लाव."

आई! जी आई सहा वर्षं त्या टेबलाला हात लावत नाही. फडकंसुद्धा मारत नाही तिथे, मीच मारते. मी म्हटलं, "तुला काय करायचंय कंप्युटर?"

"लाव म्हणते ना. नानांच्या नावाची फाईल आहे त्यात. ती काढ."

शोधली. डी ड्राईव्हमध्ये होती, 'नाना फायनल'. उघडली आणि यार श्रुती, बघ काय निघालं. भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर. तोच, नानांसाठी पप्पांनी केलेला. वर बुद्ध, बाबासाहेब, निळी किनार, दोन बाजूंना मेणबत्त्या. खाली शोकाकुल म्हणून आमच्या सगळ्यांचे छोटे छोटे गोल फोटो. आणि मधल्या चौकटीत नाना नाहीत. दादा. कॉलेजच्या आयकार्डाचा फोटो आहे ना त्याचा, बॅकग्राऊंड कापून लावलेला. खाली कालकथित आकाश भीमराज, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात तसं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं. म्हणजे काय विचारलं, पप्पांशिवाय घरात बॅनर बनवायचं ते कोरल येतं कुणाला!

"फोन ठेवला ना तुझ्या पप्पांनी त्या दिवशी," आई म्हणाली, "मी चहा घेऊन आले तर हे लावून बसलेला बाप. तेव्हापासून माझ्या डोळ्यांत आहे ते. तो माणूस कंप्युटरला बसला की मला वाटतं, आता परत माझ्या पोराला चौकटीत घालून बघत असेल. आकाश आज इथे बसणार, नीलू. दाखला शोधताना त्याच्या हाताला हे लागलं तर? पूस. आणि कचऱ्याच्या डब्यातपण राहायला नको, तो कंप्युटरवाला आहे."

मला एवढा राग आला ना पप्पांचा, मी एक सेकंद विचार केला नाही. फाईल बंद केली, शिफ्ट दाबून डिलीट. शिफ्ट दाबलं की ती डब्यातसुद्धा जात नाही, थेट गायब. ते विचारतं, कायमची काढायची का, नक्की? मी यस. शेजारी कोरलने आपोआप केलेली बॅकअपची कॉपी होती, तीपण. आईने विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." तर तिने पदराने टेबल पुसलं गं. सहा वर्षांनी.

आता माझी चूक ऐक. मी डीटीपीवाल्याची मुलगी आहे. लहानपणापासून बघतेय, पप्पा नवीन फाईल उघडतच नाहीत कधी. कालची पत्रिका उघडायची, त्यातच खाली पान वाढवायचं, नावं बदलायची, सेव्ह. एकेका फाईलमध्ये चाळीस-चाळीस लग्नं असतात. "नवीन फाईल कशाला? मापं तयार आहेत ना," हे ठरलेलं वाक्य. खाली पानांचे आकडे दिसतात. मी पहिलं पान बघितलं आणि पुसून टाकलं. खाली बघितलंच नाही.

साडेदहाला आत्या आली मुलुंडवरून, संघमित्रा आत्या, दोन डबे आणि तोंड घेऊन. आत आल्या आल्या, "वहिनी, रस्सा पातळ झालाय."

आई म्हणाली, "ताई, तुम्ही पुण्यानुमोदनात माझ्या पोराला सगळ्यांसमोर बेइमान म्हणालात. निदान आज त्याच्या पानात काय वाढायचं ते मला ठरवू द्या."

"बेइमान म्हणाले, हो. मग?"

"मग काही नाही. भाकऱ्या थापा."

दोघी ओट्याशी, पाठीला पाठ. तेवढ्यात पप्पा आले. आणि चप्पल काढून सरळ कंप्युटरला. नवीन शर्ट घातलेला, इस्त्रीचा, प्रेसवर जाताना कोण घालतं असं? आत्या चटकन ओट्यावरून मागे बघायला लागली. मला तेव्हा कळलं नाही. नंतर तिनेच सांगितलं, पप्पांनी सकाळी प्रेसवरून तिला फोन केलेला. म्हणाले, "संघमित्रा, आज मी त्याला शेजारी बसवून दाखवणार. सगळं, पहिल्यापासून. तोंडाने मला जमणार नाही, तू फक्त तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरात धरून ठेव."

पप्पा शोधतायत. डी ड्राईव्ह, ई ड्राईव्ह. सर्चमध्ये टाकतायत नाना, एका बोटाने. चष्मा वर, चष्मा खाली. मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेय.

"नीलू, नानांची फाईल बघितलीस?"

मी म्हटलं, "मी पुसली."

"पुसली म्हणजे?"

"म्हणजे कायमची. आणि बरं केलं, पप्पा. जिवंत माणसाचा असा बॅनर कोण करतं? स्वतःच्या मुलाचा?"

मला वाटलं ओरडतील. नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसत बसले. पुसतायत, पुसतायत. मग म्हणाले, "पुढची पानं बघितलीस का?"

"कुठली पुढची?"

"दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत."

श्रुती, दर वर्षी. दादाच्या वाढदिवसाला, दर वर्षी, पप्पा त्याच फाईलमध्ये एक पान वाढवायचे. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचं. छापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आपल्या नाक्यावर लागतात ना तसंच, झगमग, पिवळी अक्षरं, 'आमचे लाडके, धडाडीचे'. आणि शुभेच्छुक म्हणून खाली पंचवीस तोंडं नाहीत, एकच. पप्पांचं. फोटो त्यांच्याकडे तो एकच, कॉलेजचा. मग तोच घेऊन दर वर्षी वयाने थोडा मोठा करायचे. "चोविसाव्याला गाल जरा भरले," पप्पा मला सांगतायत, हवेत बोट फिरवून, "पंचविसाव्याला मिशी दिली. सव्विसाव्याला कोट घातला, म्हटलं बढती मिळाली असेल. मग चष्मा. अठ्ठाविसाव्याला मागे त्याची छोटी मुलगी उभी केली, पाठमोरी, तोंड माहीत नव्हतं ना मला. एकोणतिसाव्याला केस कमी केले. माझे ह्या वयात गेले होते."

मी म्हटलं, "पप्पा, मग ते पहिलं पान कशाला ठेवलंत? काढून टाकायचं ना!"

"फाईल उघडली की पहिलं तेच दिसतं," ते म्हणाले. "दिसायलाच पाहिजे. आपण काय केलं ते आधी बघायचं, मग पुढे जायचं."

मागे काहीतरी पडलं. आईच्या हातातली परात. ती दारात उभी होती, कधीपासून कुणास ठाऊक.

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "मी सहा वर्षं समजत होते, तुम्ही त्याला रोज मारता."

"नाही गं," पप्पा म्हणाले. "मी वाढवत होतो."

मटण खाली लागल्याचा वास यायला लागला तेव्हा आत्या धावली. आणि तिकडूनच ओरडली, "वहिनी, भरलेल्या गालांची आणि चष्म्याची खबर भाऊला मी द्यायचे. मुलीचीपण. आकाश मला दर महिन्याला फोन करतो."

आईचं तोंड बघायला पाहिजे होतंस तू! "तुम्हाला? तुम्ही तर..."

"बेइमान म्हणाले, हो. त्याच्यासमोर म्हणाले असते तर त्याने उत्तर दिलं असतं. नव्हता, म्हणून रात्री फोन करून म्हणाले. तेव्हा रडला आणि सांगितलं की ट्रेनिंगमधून निघालास तर परत येऊ नकोस, असं तिथल्या साहेबाने तोंडावर सांगितलेलं. तेवीस वर्षांचं पोर, घाबरलं. मी कुणाला सांगणार? भाऊ तेव्हा काही ऐकत नव्हता, आणि तुमच्याशी मी बोलत नव्हते."

आई खाली बसली, तिथेच, परातीशेजारी. मला वाटतं तिला सगळ्यात जास्त ते लागलं. दर महिन्याला. तिला तो दोन-तीन महिन्यांतून एकदा करायचा, तेही तिने मिस्ड कॉल दिला तर.

आत्याने मोबाईल पुढे केला. "बघ भाऊ, हा मागच्या आठवड्यातला आहे. बॅनर परत कर. अजून दोन तास आहेत."

पप्पांनी फोन हातात घेतला. फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा. दादाचे केस इतके दाट आहेत गं, आणि दाढी ठेवलीये आता, मिशीबिशी वेगळी काही नाही. पप्पा खूप वेळ बघत बसले. मग फोन परत दिला. "मी त्याला माझ्यासारखा केला होता," म्हणाले. "हा वेगळाच आहे. चांगला आहे." आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, आत्या, फाईल परत येऊ शकते कदाचित. रिकव्हर करतात. पण मला नाही येत. आणि चुकीचं काही केलं तर होती तीपण जाईल.

"मग येणाराच काढून देईल की," आत्या म्हणाली. "त्याचं कामच ते."

"नाही!" आई ताडकन उठली. "सहा पानं असोत नाहीतर साठ. पहिलं माझ्या पोराने बघायचं नाही. आज विमानात बसणार तो. डोळ्यांत ते घेऊन जाईल? मी सहा वर्षं घेऊन फिरलेय, मला विचारा."

"अहो वहिनी, तो काय लहान आहे? बापाचं मन कळेल त्याला!"

"पहिलं पान आधी कळेल."

मी म्हटलं, "मी नंतर शिकून काढते, पहिलं पान उडवते, बाकीची सहा त्याला पाठवते." गॅलरीतून पप्पांचा आवाज आला, वळलेसुद्धा नाहीत. "तसं नको. तेवढी सहा दाखवली तर मी चांगला बाप दिसेन. खोटं आहे ते."

या वादातच एक वाजला, आणि बेल वाजली.

दादाने मला नंतर एअरपोर्टवरून मेसेज केला की तो खाली दहा मिनिटं उभा होता. लिफ्ट दोनदा येऊन गेली, याचा पाय उचलेना. वॉचमनने विचारलं कुणाकडे जायचंय, तर याला चटकन सांगता आलं नाही. पप्पांच्या धंद्याचं नाव सांगितलं, भीमराज डीटीपी. माझ्या घरी, असं नाही म्हणाला.

दार आईने उघडलं. तिने नुसता त्याच्या दाढीवरून हात फिरवला. तो आत्याला भेटला, मला डोक्यात टपली मारली, "काय गं जाडे," आणि मग पप्पांसमोर जाऊन उभा राहिला.

"जय भीम, पप्पा."

"जय भीम. प्रवास?"

"ठीक झाला."

"जेवून घे."

बस. सहा वर्षांनंतरचं बोलणं एवढं. जेवताना आई वाढतेय, आत्या बडबडतेय, दादा मुलीचे व्हिडिओ दाखवतोय, आणि पप्पा प्रत्येक वेळी मान पुढे काढून बघतायत आणि परत पानात. मी बघत होते ना, त्यांचा घास हातातच राहायचा.

तीन वाजता दादा कंप्युटरला बसला. दाखलापण पप्पांनी कोरलमध्येच ठेवलेला, सगळं कोरलमध्येच असतं त्यांचं. दादाने दाखला काढला, पेनड्राईव्हवर घेतला. झालं. उठायचं ना! तर याने वर ती शेवटी उघडलेल्या फाईलींची यादी बघितली. मी पुसली फाईल, यादीतलं नाव कोण पुसणार? दाखल्याच्या लगेच खाली, 'नाना फायनल'.

"हा नानांचा बॅनर ना?" दादा म्हणाला. "मी बघितलाच नाही कधी. तेव्हा वाटलं कुणीतरी फोटो काढून पाठवेल. मागायची लाज वाटली." आणि क्लिक केलं. फाईल सापडत नाही.

"फ्लेक्स आहे का, आत्या?"

"तो कुठला आता, कुणाच्या तरी पत्र्यावर गेला असेल चार पावसाळ्यांपूर्वी."

"डिलीट झालीये वाटतं. कधी?"

"सकाळी," मी म्हटलं. "चुकून."

"सकाळी? मग आहे की ती!" दादाचे डोळे असे चमकले ना श्रुती, लहानपणी चमकायचे तसे. "डिलीट म्हणजे काय, नुसती दारावरची पाटी काढतात. आतला माणूस आतच असतो. त्या जागेवर दुसरं कुणी राहायला आलं नाही तोवर सापडतो. माझ्याकडे आहे सॉफ्टवेअर, वीस मिनिटांत काढून देतो." बॅग उघडायलापण लागला. "मला नाना बघायचेत, पप्पा. एकदा. तुम्ही केलेले."

नाना बघायचेत. आणि त्या चौकटीत नाना नाहीत, हाच आहे.

मी पप्पांकडे बघितलं. ते उठून उभे राहिलेले. तोंड उघडलं त्यांनी. खरंच उघडलं, मी शप्पथ सांगते, काहीतरी येत होतं. "आकाश, त्यात..." एवढं म्हणाले आणि पुढे शब्दच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शुभेच्छा लिहिल्या या माणसाने, आणि स्वतःचं एक वाक्य निघेना. आत्या मला डोळ्यांनी म्हणतेय, हो म्हण, हो म्हण. आईने मागून माझं कोपर धरलेलं, नखं रुतली इतकं.

"काय त्यात?" दादाने विचारलं. पप्पांना विचारलं, पण पप्पा माझ्याकडे बघत होते. मग दादापण माझ्याकडे बघायला लागला. "नीलू? काढू ना?"

तेव्हा सगळे माझ्याकडेच का बघत होते गं? मी घरात सगळ्यात लहान.

मी म्हटलं, "नको दादा. नाही मिळणार. मी पुसल्यावर त्याच्यावर सगळे पिक्चर कॉपी केले. भरून गेली जागा."

खोटं. सपशेल खोटं.

दादा बॅगेची चेन धरून बसून राहिला. "असू दे," म्हणाला. मग चेन लावली. आईचा हात सुटला माझ्या कोपरावरून. आत्या आत निघून गेली आणि भांडी घासायला लागली, न घासायची सुद्धा. आणि पप्पा खाली बसले. हळूच, खुर्ची मागे आहे का ते न बघता.

चार वाजता निघाला. पप्पा त्याची बॅग घेऊन खाली गेले, रिक्षापर्यंत. मी गॅलरीतून बघत होते. रिक्षात बसल्यावर दादाने हात बाहेर काढला आणि पप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. सोडेनातच. रिक्षावाल्याने हॉर्न मारला तेव्हा सोडला.

त्यानंतर पप्पांनी कंप्युटर चालू केलेला नाही. माझं खोटं त्यांनी ओळखलं, कारण एवढे पिक्चर आपल्या घरात आहेतच कुठे! मला एका शब्दाने विचारलं नाही. मीपण लावत नाही. लावला की तो आपलं काहीतरी लिहीत बसतो आत, आणि कुठल्या जागेवर लिहील सांगता येत नाही. पप्पा रोज साकीनाक्याला जाऊन प्रेसच्या मशीनवर काम करतात, म्हणतात घरचा स्लो झालाय. आईने त्याच्यावर चादर घातलीये.

आणि काल दादाचा फोन. तिकडे त्याची सकाळ. मुलीचं दाखवलं, बर्फाचं दाखवलं, पप्पांना दोन मिनिटं दिला, ते "जेवलास का?" पर्यंत पोचले. मग फोन माझ्याकडे आला तर हळूच म्हणतो, "नीलू, त्या दिवशी पप्पा काय सांगत होते गं? 'त्यात' म्हणाले आणि थांबले. मी विमानात तोच विचार करत होतो. खरंच गेली ती फाईल?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय, उद्या करते.

तो उद्या आज आहे, श्रुती. तो इथून लांब बसूनसुद्धा काढू शकतो, मी फक्त कंप्युटर लावायचा आणि हो म्हणायचं. पण आली तर सातही पानं येणार. आईचं ऐकलं तर पप्पांची सहा वर्षं गेली. पप्पांचं ऐकलं तर दादा नानांना शोधायला जाणार आणि चौकटीत स्वतःला बघणार, आणि मग दुसऱ्या पानापर्यंत पोचेल की नाही, कोण सांगणार? मी त्याच्याजवळ नसणार तेव्हा. पप्पापण नसणार.

आता बोल. तू माझ्या जागी असतीस, तर त्या दिवशी काय म्हणाली असतीस? आणि आज काय म्हणशील?